कै. हरिभाऊ आपटे व त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या

हरि नारायण आपटे ह्यांचा जन्म ता. ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांत पारोळें येथें झाला. पुढें ते पुण्यास आले. इंग्रजी ग्रंथ त्यांनीं अधाशीपणानें वाचले. पदवी मात्र हातीं आली नाहीं. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें, आणि त्यांतूनच त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या क्रमशः बाहेर पडल्या.

त्यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’; तिला मेडोज टेलर ह्याच्या टिपूवरील इंग्रजी कादंबरीचा आधार होता. नंतरचा ‘उषःकाल’ मात्र सर्वस्वीं आपल्या मातींतला. तींत शिवाजी महाराज आहेत. पण कथेचा भार कल्पित माणसांनीं वाहिला आहे. वॉल्टर स्कॉटनें १८१४ सालीं ‘वेव्हर्ली’ लिहून हीच वाट पाडली होती, आणि आमच्या मतें तीच अधिक निर्धोक. राजवाडे ह्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला १८९८ सालीं. त्यापूर्वींच हरिभाऊंनीं मराठी वाचकास मावळांतून हिंडवून आणलें होतें!

‘गड आला पण सिंह गेला’ ह्या कादंबरींत गोडी आणि धोका दोन्ही एकाच पानावर भेटतात. तानाजी खरा, उदयभानु खरा, १६७० सालची झुंज खरी. परंतु उदयभानूच्या कैदेंत तळमळणाऱ्या कमलकुमारीस समकालीन आधार नाहीं. वाचकाच्या मनांत ठसते ती मात्र तीच. तसेंच गडाच्या नांवाचें. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही समजूत जुनीच; कादंबरीनें ती घरोघर पोंचविली. पण महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रांतच सिंहगड हें नांव आढळतें. कमलकुमारी उत्तरपत्रिकेंत अवतरली तर गुरुजींनीं गुण द्यावे कीं कापावे? कापावेच, पण त्या मुलानें पुस्तक मनापासून वाचलें, हेंहि विसरूं नये. सातपूरहून त्र्यंबकच्या रस्त्यानें जातांना अंजनेरी दिसली कीं आपणांसहि तेथें एखादी राजकन्या कोंडलेली असावी असें वाटतेंच ना?

हरिभाऊ पुणें नगरपालिकेचे अध्यक्ष होते, आणि १९१२ सालीं अकोल्याच्या साहित्य संमेलनाचेंहि अध्यक्षपद त्यांजकडे आलें. ‘वज्राघात’ ह्या कादंबरींत त्यांनीं विजयनगरचा नाश रंगविला. तेथेंहि राजकारणाच्या मुळाशीं एक प्रेमकथा घातलीच. ता. ३ मार्च १९१९ रोजीं पुण्यास ते वारले. पंचावन्नावा वाढदिवस पांच दिवसांवर आला होता.