नळाचे आटे आणि हजार यार्डांचा नेम

मोरीतला नळ गळायला लागला की आपण प्लंबरला बोलावतो. तो जुना नळ फिरवून काढतो, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतो आणि दुकानातून आणलेला नवा नळ त्याच जागी बसवतो. नळ एका गावात झालेला असतो, पाइप दुसऱ्या. बनवणाऱ्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं. तरीही अर्ध्या इंची नळ अर्ध्या इंची पाइपात निमूटपणे बसतो आणि आपल्याला त्याचं काडीचंही नवल वाटत नाही. या आट्यांच्या दोन उतारांत ५५ अंशांचा कोन असतो. हा कोन १८४१ साली मँचेस्टरच्या एका कारखानदाराने सुचवला. त्याचं नाव जोसेफ व्हिटवर्थ.

बँकेत असताना कर्जाच्या अर्जांपायी मी लेथ मशीनच्या पुष्कळ शेड पालथ्या घातल्या. तिथल्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडी 'विटवर्थ' हा शब्द असे, पण तो मापाचं नाव म्हणून. सूत, इंच, विटवर्थ. हा हाडामांसाचा माणूस होता हे मला फार उशिरा कळलं. त्याहून नवल वाटलं ते पुढचं वाचून. ज्याने जगाला एकसारखे आटे दिले, त्यानेच पुढे बंदूक हाती घेतली आणि हजार यार्डांवरच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवरच्या नेमबाजीला शास्त्राच्या पायावर उभं केलं. ही दोन कामं वेगळी नव्हती. चूक किती झाली, हे मोजल्याशिवाय ती कमी करता येत नाही, ही एकच गोष्ट तो माणूस जन्मभर सांगत होता.

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टला झाला. वडील शिक्षक, पुढे धर्मोपदेशक झाले. आई लवकर गेली, घर मोडलं, मुलं पांगली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि जोसेफला मामाच्या सूतगिरणीत धाडण्यात आलं. मामाचा विचार असा की, भाच्याने धंदा शिकावा आणि पुढे भागीदार व्हावं. आपल्याकडच्या कोणत्याही आईबापांनी देवापुढे साखर ठेवली असती. पण पोराचं मन सुताच्या भावात रमेना. ते रमलं गिरणीतल्या यंत्रांत. ही यंत्रं इतकी ओबडधोबड का, हा प्रश्न त्याला छळू लागला. अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याने मामाचं घर सोडलं आणि मँचेस्टरमध्ये साध्या मेकॅनिकची नोकरी धरली. १८२५ साली त्याने फॅनी अँकर्स या नावाड्याच्या मुलीशी लग्न केलं आणि दोघं लंडनला गेली.

लंडनमध्ये त्याला हेन्री मॉड्सलेसारखा गुरू भेटला. त्या काळच्या उत्तम यंत्रकारांची ती गुरुकुलच होती. नंतर जोसेफ क्लेमंटच्या कारखान्यात त्याने काम केलं. चार्ल्स बॅबेजचं गणिती यंत्र तिथे तयार होत होतं. आजच्या संगणकाचा तो पणजोबाच. १८३३ साली व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला आणि स्वतःचा कारखाना काढला.

पहिला प्रश्न होता सपाटीचा. लोखंडाची पाटी खरोखर सपाट आहे हे ओळखायचं कसं? एका पाटीला रंग लावून ती दुसरीवर घासली, तर जिथे रंग लागेल तिथे उंचवटा. तो खरवडायचा. पण यात एक गोम आहे. एक पाटी मधे फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली, तर दोघी एकमेकींत चपखल बसतात आणि सपाट असल्याचं सोंग आणतात. उपाय असा की, पाट्या तीन घ्यायच्या आणि आळीपाळीने प्रत्येकीची प्रत्येकीशी गाठ घालायची. तिन्ही जुळल्या तर सपाटीखेरीज दुसरी शक्यताच उरत नाही. या रीतीवर त्याने १८४० साली ग्लासगोच्या विद्वत्सभेत निबंध वाचला. मी हे वाचलं तेव्हा मला बँक आठवली. दोन माणसांनी संगनमत केलं तर खोटा हिशोबही जुळतो. म्हणून तर तिसऱ्याची सही लागते.

मग आटे. तोवर प्रत्येक कारखान्याचा स्क्रू वेगळा असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागत नसे. व्हिटवर्थने अनेक कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली एक पद्धत मांडली. रेल्वे कंपन्यांनी ती उचलली आणि हळूहळू साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात ती पसरली. आपल्याकडे मेट्रिक मापं आल्यावर बोल्ट बदलले, पण पाण्याच्या पाइपांत ते ५५ अंश अजून टिकून आहेत. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याने इंचाचा दहा लाखावा भाग मोजणारं यंत्र मांडलं. लोक ते पाहायला गर्दी करत.

अशा माणसाकडे १८५४ साली ब्रिटिश सरकार बंदुकांसाठी आलं. क्रिमियाचं युद्ध सुरू होतं आणि एनफिल्ड रायफली यंत्रावर झपाट्याने बनवायच्या होत्या. व्हिटवर्थने उलटा प्रश्न टाकला. रायफल नेमकी कशामुळे चांगली ठरते हे ठाऊक नसताना लाखांनी बनवायची कशी? त्यासाठी त्याने मँचेस्टरमधल्या आपल्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी उभारली. वादळाने ती पाडली, तर पुन्हा बांधली. आत ठराविक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी पडद्यांना भोकं पाडत जाई आणि भोकं जोडली की तिचा सारा मार्ग डोळ्यांपुढे येई. वाऱ्याला तिथे शिरकाव नव्हता. म्हणजे जी चूक उरेल ती बंदुकीची, नाहीतर गोळीची.

भोवरा जोरात फिरला तर ताठ उभा राहतो, वेग कमी झाला की डुलतो. गोळीचंही तसंच. एनफिल्डची नळी .५७७ इंच व्यासाची, आणि तिच्यातले पीळ ७८ इंचांत एक फेरी घेत. ३९ इंची नळीतून सुटेपर्यंत गोळी जेमतेम अर्धी फिरे. व्हिटवर्थने नळी .४५१ इंचांची केली, पीळ २० इंचांत एक फेरी असा आवळला आणि नळीचं भोक गोल न ठेवता षटकोनी ठेवलं. गोळी लांबट आणि तिलाही तसेच सहा पैलू, म्हणजे ती नळीत बोल्टासारखी फिरतच जाणार. आट्यांचा माणूस शेवटी आट्यांवरच आला!

१८५७ साली हाइथच्या लष्करी शाळेत दोन्ही रायफलींची परीक्षा झाली. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट दूर पडल्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट. एकीकडे हातभराहून जास्त, दुसरीकडे वीतभराहूनही कमी. याच एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून त्याच वर्षी हिंदुस्थानात उठावाचा वणवा पेटला, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

तरी सरकारने व्हिटवर्थची रायफल नाकारली. नळी बारीक, म्हणून दारूची काजळी लवकर धरते. आणि किंमत एनफिल्डच्या कित्येक पट. हे आक्षेप खोटे नव्हते. दहा फैरींनंतर गोळी नळीत अडकू लागली, तर शिपायाने अचूकतेचं करायचं काय? व्हिटवर्थ मात्र तापट आणि हट्टी. दुसऱ्याचा निवाडा त्याला सहसा पटत नसे. ज्याने पाट्यांना तिसऱ्याची साक्ष सक्तीची केली, त्याला स्वतःसाठी तिसरा नको असायचा. पुढे १८७१ साली लष्कराने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली तेव्हा तिची नळी .४५ इंचाची होती. म्हणजे मुद्दा त्याचाच खरा ठरला.

पण नेमबाजीच्या मैदानाने त्याला आधीच डोक्यावर घेतलं होतं. १८५९ साली ब्रिटनमध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली आणि २ जुलै १८६० रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या माळावर पहिला मेळावा भरला. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. व्हिटवर्थ रायफल यांत्रिक बैठकीवर पक्की बसवलेली, नेम आधीच लावलेला. राणीने फक्त दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली. त्या वर्षीच्या क्वीन्स प्राइजची अंतिम फेरी व्हिटवर्थ रायफलींनी आणि हजार यार्डांपर्यंतच्या अंतरावर झाली. एडवर्ड रॉस हा तरुण ती जिंकला.

याच गोष्टीची दुसरी बाजू अटलांटिकपलीकडे घडली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याने थोड्या व्हिटवर्थ रायफली मिळवल्या आणि निवडक नेमबाजांना दिल्या. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया इथे उत्तरेचे जनरल जॉन सेजविक कित्येक शे यार्डांवरून आलेल्या एका गोळीने पडले. ती व्हिटवर्थचीच असावी, असं मानलं जातं. इथे मी वाचताना थांबलो. कागदाच्या पडद्यांतून जाणारी गोळी आणि ही गोळी, दोन्ही एकाच गणितातून निघाल्या. समोर पुठ्ठा आहे की माणूस, हे नळीला कळत नाही. ते ठरवणारी तिसरी पाटी माणसालाच व्हावं लागतं.

खेळाने ती पाटी सांभाळली, असं मला वाटतं. १८९० साली ही स्पर्धा सरे परगण्यातल्या बिस्ले इथे गेली आणि आजही तिथे भरते. १९३० साली मार्जोरी फॉस्टर या कोंबड्या पाळणाऱ्या बाईंनी पुरुषांना मागे टाकून तिथलं किंग्ज प्राइज जिंकलं. टार्गेट रायफल या प्रकारात परंपरेने दुर्बीण लावत नाहीत. मागे बारीक छिद्राची दृष्टी, पुढे कडं, जाड जाकीट, दंडाला पट्टा, आणि नेमबाज पालथा. हजार यार्ड कापायला गोळीला दीडेक सेकंद लागतो. तेवढ्यात ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला सात-आठ फूट ढकलून देतो. म्हणून खरी परीक्षा वारा वाचण्याची.

आणि मोजायचं कसं? आरंभी लक्ष्य लोखंडी पत्र्याचं असे आणि आडोशातला माणूस रंगीत झेंडीने खूण करी. पुढे कापडाच्या चौकटी आल्या. खंदकातला माणूस लक्ष्य खाली ओढतो, भोकात चकती खोचतो आणि ते पुन्हा वर सरकवतो. शेजारी पडलेला प्रतिस्पर्धी आपले गुण लिहितो, आपण त्याचे. अलीकडे अनेक रेंजवर इलेक्ट्रॉनिक लक्ष्यं आली आहेत. आवाजापेक्षा वेगाने जाणारी गोळी पाण्यातल्या नावेसारखी मागे हवेची लाट सोडते. चौकटीवरचे मायक्रोफोन ती लाट टिपतात. कोणत्या मायक्रोफोनला ती किती आधी पोचली, यावरून यंत्र गोळीची जागा काढतं आणि ती नेमबाजाच्या कोपराशी पडद्यावर उमटते. एका मिलिमीटरचा फरक कळायला सेकंदाच्या दहा लाख भागांतले तीनच भाग हाती असतात. हवा तापली की आवाजाचा वेग बदलतो, म्हणून तापमानही मोजावं लागतं. गोळीचा वेग वाटेत आवाजाच्या खाली उतरला, तर मात्र चौकट बहिरी होते. दोन मायक्रोफोनांवर भागत नाही. जास्त लागतात, म्हणजे एकाची चूक दुसरे पकडतात. व्हिटवर्थला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

आपल्याकडे १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही अनेक नेमबाजांची पहिली पायरी असते. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवलं. त्याचे गुण दशांश चिन्हापर्यंत मोजले होते. अंतर छोटं, पण तत्त्व तेच.

व्हिटवर्थला मूलबाळ नव्हतं. फॅनीशी संसार पुढे तुटकच राहिला. ती १८७० मध्ये गेल्यावर त्याने दुसरं लग्न केलं. १८६९ मध्ये तो सर जोसेफ झाला आणि २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो इथे वारला. त्याचा पैसा मँचेस्टरमध्ये कलादालनाला, बागेला, कर्करोगाच्या रुग्णालयाला लागला. पण सगळ्यात शहाणा खर्च त्याने हयातीतच केला होता. १८६८ साली एक लाख पौंड बाजूला काढून त्याने यंत्रविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या. अट एवढीच की पुस्तकही यावं आणि हातात कानसही चालावी. नुसता घोकणारा नको, नुसता ठोकणाराही नको. त्या शिष्यवृत्त्या अजून चालू आहेत. तेल लागलेल्या हाताची अनेक मुलं त्यांच्यावर शिकून इंजिनिअर झाली. मामाच्या गिरणीतून पळून गेलेल्या पोराने आपल्यासारख्या पोरांची सोय करून ठेवली होती.