मोडीतल्या वस्तूंना मान मिळवून देणारे काकासाहेब केळकर

राजवाड्यातील शस्त्रे आणि सिंहासने जपून ठेवली जातात. सामान्य घरातील विळी, अडकित्ता किंवा दौत मात्र वापरातून गेली की मोडीत निघते. या वस्तूंनाही इतिहासात स्थान आहे, असे मानून दिनकर गंगाधर तथा काकासाहेब केळकर यांनी आपले आयुष्य त्यांच्या शोधात वेचले. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय ही त्या ध्यासाची फलश्रुती होय.

१० जानेवारी १८९६ रोजी जन्मलेले केळकर व्यवसायाने चष्मेविक्रेते आणि वृत्तीने कवी होते. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने त्यांनी काव्यलेखन केले. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा छंद जडला. पुढे त्यासाठी त्यांनी देशाच्या अनेक भागांत भ्रमंती केली. पत्नी कमलाबाई यांची त्यांना या कार्यात मोलाची साथ लाभली.

केळकर दाम्पत्याचा मुलगा राजा बालवयातच मरण पावला. या आघातानंतर केळकरांनी आपला संग्रह त्याच्या स्मृतीला वाहिला. संग्रहालयाच्या नावातील ‘राजा’ हे कोणा संस्थानिकाचे बिरूद नसून एका लहान मुलाचे नाव आहे, हे अनेक प्रेक्षकांना तेथे गेल्यावरच कळते.

पानदाने, फण्या, करंडे, कुलपे, वज्री, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये आणि कोरीव दरवाजे असा या संग्रहाचा विस्तार आहे. यांतील बहुतेक वस्तू घडविणाऱ्या कारागिरांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. पाय घासण्याच्या साध्या वज्रीवरही पक्षी किंवा प्राणी घडविणाऱ्या त्या हातांचे कसब मात्र या संग्रहामुळे टिकून राहिले.

दिव्यांविषयी केळकरांना विशेष आस्था होती. जबलपूरच्या गौरीघाटावर (पूर्वीचा ग्वारीघाट) भाविक पानांच्या द्रोणांत दिवे ठेवून ते नर्मदेत सोडतात. असा दिवा घटकाभर तेवून प्रवाहात नाहीसा होतो. घरातील समई, लामणदिवा किंवा निरांजन मात्र पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहते आणि त्या घराच्या चालीरीती सांगते. भारतातील दिव्यांवर केळकरांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केला.

१९६२ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून तो येथे पुन्हा उभारण्यात आला. संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे २० हजारांवर पोहोचली. जागेअभावी त्यांतील थोड्याच एका वेळी मांडता येतात. १९७५ मध्ये केळकरांनी आयुष्यभराची ही पुंजी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केली. पद्मश्री किताबाने त्यांचा गौरव झाला.

१७ एप्रिल १९९० रोजी त्यांचे निधन झाले. मुलाच्या स्मरणार्थ जपलेला एका घराचा ठेवा तोपर्यंत साऱ्या समाजाचा झाला होता.