बोलला शब्द आणि सुटलेला हक्क : शेठ जमनालाल बजाज

दत्तजयंती जवळ आली की आपल्या वर्धा जिल्ह्यात घरोघरी गुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. पोथी काढायची, चौरंग मांडायचा आणि पहिल्या दिवशी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडायचा. मग ते सात दिवस कोणी नियम मोडत नाही. देवाला बोललेला नवस तर आपण उसनवारी करूनही फेडतो. पण माणसाला दिलेल्या शब्दाचं काय? सोयरिकीत, उधारीत, भावाभावांच्या वाटणीत दिलेला शब्द अडचणीचा झाला की आपण हळूच विचारतो, कागदावर कुठं होतं? अशा वेळी मला आपल्याच वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज आठवतात. त्यांचं सगळं चरित्र शब्दावर उभं आहे, म्हणून या अंकासाठी ते सांगायला घेतलं.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा गावातला. वडील कनीराम, आई बिरदीबाई. घरची स्थिती बेताची. वर्ध्याचे मोठे व्यापारी शेठ बच्छराज हे त्यांच्याच कुळातले. बच्छराजांचा मुलगा वारला होता आणि वंशाला कोणी नव्हतं. त्यांच्या पत्नी सदीबाई एकदा त्या गावी आल्या असता त्यांनी अंगणात खेळणारं हे पोर पाहिलं आणि कौतुक केलं. बिरदीबाई रीतीप्रमाणे बोलून गेल्या की तो तुमचाच आहे. सदीबाईंनी तो शब्द धरून ठेवला. बिरदीबाईंच्या मनात तसं काही नव्हतं, पण तोंडातून शब्द तर गेला होता. अखेर चार-पाच वर्षांचं ते पोर नातू म्हणून दत्तक दिलं गेलं आणि वर्ध्याला आलं. मोबदल्यात आईवडिलांनी पैसा घेतला नाही. त्या कोरड्या मुलखात पाण्याची फार ओढ, म्हणून बच्छराजांनी गावाला पक्की विहीर बांधून दिली.

ही हकिकत सांगताना आमच्या घरातल्या बायका नेहमी थांबतात. सहज बोललेल्या शब्दापायी आईनं लेकरू द्यावं का? मलाही तो प्रश्न पडतो आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. एवढं मात्र कळतं की शब्द पाळणं अवघड असतं, म्हणून तो देण्याआधी जीभ आवरावी. आपण लग्नमांडवात, पंगतीत किती सहज बोलून जातो की काही लागलं तर सांगा, आम्ही आहोत! समोरचा ते मनात ठेवतो, हे आपल्या ध्यानातही नसतं.

पुढं जमनालालजी वर्ध्यात वाढले. शाळा थोडकीच झाली. लहान वयात जानकीदेवींशी लग्न झालं. आजोबा बच्छराज प्रेमळ, पण रागीट. जमनालालजी सतरा वर्षांचे असताना एका लग्नाला जायचं निघालं. आजोबांना वाटे नातवानं दागिने घालून मिरवावं. नातवाला ते आवडेना. शब्दानं शब्द वाढला आणि आजोबा पैशावरून लागेल असं बोलले. जमनालालजींनी एक पत्र लिहून ठेवलं आणि नेसत्या वस्त्रानिशी घर सोडलं. तुमच्या संपत्तीवर माझा काही हक्क राहिला नाही, मी एक पैही मागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. त्यात राग नव्हता. उलट आजोबांनी दानधर्म करावा, मनाला लावून घेऊ नये, अशी विनंती होती.

पत्र वाचून म्हातारा विरघळला. माणसं धाडून नातवाला परत आणलं. दोघांचं मनोमिलन झालं. थोड्याच काळात, १९०७ सालीच, बच्छराज वारले आणि सगळी मालमत्ता जमनालालजींच्या हाती आली.

आता विचार करा. ज्यांना शब्द दिला ते आजोबा गेले होते. जाण्याआधी त्यांनीच पोराला जवळ घेतलं होतं. कोर्टात जाणारं कोणी नव्हतं. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र फाडून टाकलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण जमनालालजींनी मनाशी धरलं की मी हक्क सोडला तो सोडला. ते ही संपत्ती दुसऱ्याची ठेव मानून सांभाळू लागले आणि पुढं तिच्या मोलाइतकी रक्कम व्याजासकट लोककार्याला देऊन टाकली. व्यापार केला, पैसा मिळवला, पण मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून. गांधीजींचा विश्वस्तपणाचा विचार त्यांना पटायला वेळ लागला नाही, कारण त्याचा धडा त्यांनी सतराव्या वर्षीच स्वतःला घालून घेतला होता.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. जमनालालजी स्वागताध्यक्ष होते. तिथंच त्यांनी गांधीजींकडे मागणं केलं की मला तुमचा पाचवा मुलगा माना. लहानपणी दुसऱ्यांच्या शब्दानं दत्तक गेलेला माणूस आता आपल्या शब्दानं दत्तक जात होता. सरकारनं दिलेली रायबहादुर पदवी त्यांनी परत केली. वकिली सोडणाऱ्यांच्या घरचूल चालावी म्हणून एक लाख रुपये दिले. त्यांच्याच आग्रहानं १९२१ च्या एप्रिलात विनोबा वर्ध्याला आश्रम चालवायला आले.

त्याच नागपूरच्या अधिवेशनात अस्पृश्यता घालवण्याचंही ठरलं होतं. हात वर करणारे हजारो होते. घरी गेल्यावर किती जणांना ते आठवलं? वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्याचं. जमनालालजींनी विश्वस्तांची मनं वळवली आणि जुलै १९२८ मध्ये ते मंदिर हरिजनांसाठी खुलं केलं. सनातनी मंडळींचा आणि स्वतःच्या समाजातल्या पुष्कळांचा रोष पत्करला. सभेत दिलेला शब्द आपल्या घरच्या देवळात पाळणं हेच खरं कठीण.

गांधीजी आपल्या जिल्ह्यात राहायला आले तेही एका शब्दामुळेच. १२ मार्च १९३० ला दांडीला निघताना स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीच्या आश्रमात परतणार नाही, असं त्यांनी ठरवलं. तुरुंगातून सुटल्यावर मग राहायचं कुठं? जमनालालजींचं वर्ध्याचं आमंत्रण कधीपासून होतंच. मगनवाडीची बाग आणि घरं त्यांनी ग्रामोद्योगाच्या कामाला दिली. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावला गेले, तेच आजचं सेवाग्राम.

इथं आमच्या घरचं थोडं सांगतो. वडिलांनी शेजाऱ्याला आमच्या धुऱ्यालगत बैलबंडीची वाट दिली होती, तीही तोंडी. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही. आता वडील नाहीत, तो शेजारीही नाही. जमिनीला भाव आला आणि पोरं म्हणू लागली की ही चार तासं आपण का सोडायची? त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. मी त्यांना जमनालालजींच्या पत्राची हकिकत सांगितली. दोन महिने घरात बोलणी झाली, कधी आवाजही चढले. शेवटी यंदा आम्ही भावांनी मिळून ती वाट शेजाऱ्याच्या मुलांना कागदावर लिहून दिली. देणारा आणि घेणारा दोघंही गेल्यावर शब्द कोणी सांभाळायचा? मागं राहिलेल्यांनीच ना!

शेवटच्या काळात जमनालालजींनी गोसेवेचं व्रत घेतलं. गोपुरीत साध्या झोपडीत राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ ला वर्ध्यातच अचानक त्यांचा अंत झाला. वय अवघं बावन्न. दुःखात जानकीदेवी सती जायची भाषा बोलू लागल्या. गांधीजींनी त्यांची समजूत घातली की देह जाळून काय होणार, त्यांचं काम पुढं न्या. जानकीदेवींनी तिथंच आपली संपत्ती आणि उरलेलं आयुष्य गोसेवेला वाहिलं. १९७९ पर्यंत त्या जगल्या. विनोबांच्या भूदानात त्या गावोगाव फिरल्या आणि कूपदान मागत राहिल्या. ज्या घराच्या कथेत पहिली विहीर एका आईच्या शब्दापायी झाली, त्या घरची सून गावांसाठी विहिरी मागत फिरली.

भक्तहो, यंदा सप्ताहाचा संकल्प सोडाल तेव्हा एक करा. हातातलं पाणी सोडण्याआधी क्षणभर थांबा आणि एखाद्या माणसाला दिलेला, राहून गेलेला शब्द आठवा. पौर्णिमेच्या आत तो फेडता आला तर फेडा. त्यासाठी मुहूर्त पाहावा लागत नाही.

श्रीगुरुदेव दत्त.