तीन मतांचा अध्यक्ष

गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, एवढीच त्यांची ओळख आज सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत उरली आहे. आमच्या जालन्याशी त्यांचा तसा संबंध नाही. पण निजामी राजवटीतून सुटलेल्या जालनेकरांनी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ज्या कायद्यांनुसार मत दिले, ते १९५० आणि १९५१ चे दोन्ही लोकप्रतिनिधित्व कायदे दादासाहेब अध्यक्ष असताना संमत झाले.

घराणे रत्नागिरीकडचे, जन्म १८८८ साली बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत. गांधीजींच्या चळवळीत पडले, तुरुंगवास भोगला. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्षपद मिळाले, तेही ६६ विरुद्ध ६३, अवघ्या तीन मतांनी.

पुढे हंगामी संसदेत मात्र त्यांच्यासमोर काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते. अशा सभागृहात चर्चा आटोपणे अवघड नसते. एखादा सभासद प्रश्न मताला टाकण्याची मागणी करतो. नियमाचा दुरुपयोग होत नाही ना, वाजवी चर्चेचा हक्क बुडत नाही ना, हे अध्यक्षाने आधी पाहायचे. मग सभागृहाचा कौल घ्यायचा. चर्चा थांबवायची की नाही हे बहुमत ठरवते, पण बहुमताला विचारायचे की नाही हे एकटा अध्यक्ष ठरवतो.

मी बँकेत अधिकारी होतो. कारकुनाने लिहिलेले व्हाउचर अधिकाऱ्याच्या सहीशिवाय पास होत नाही. काउंटरवर रांग वाढली की न पाहता सही करण्याचा मोह होतो, आणि रांगेतली माणसे त्याबद्दल दुवाच देतात. घोळ निघतो तो पुढे तपासणीत.

दादासाहेब पाहून सही करणाऱ्यांपैकी होते. कायदामंत्री बाबासाहेब आंबेडकरांचे १९५१ चे विधेयक प्रवर समितीतून आले आणि त्यावर कलमवार चर्चा झाली. वटहुकूम काढून संसदेला बगल देण्याच्या सवयीबद्दल दादासाहेबांनी स्वपक्षाच्या सरकारला पत्र लिहून हटकले. डिसेंबर १९५४ मध्ये खुद्द त्यांनाच हटवण्याचा प्रस्ताव विरोधकांनी आणला. सभागृहात त्यावर चर्चा झाली, मगच तो फेटाळला गेला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी ते वारले, तेव्हाही अध्यक्षच होते.

त्याच दोन कायद्यांत दुरुस्ती करून मतदारयादीला आधार क्रमांक जोडण्याची वाट मोकळी करणारे विधेयक २० डिसेंबर २०२१ रोजी लोकसभेत मांडले गेले आणि त्याच दिवशी संमत झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने आवाजी मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ते समितीकडे पाठवावे, ही विरोधकांची मागणी टिकली नाही.

विधेयक बरे की वाईट, यावर दोन मते असतील. माझा प्रश्न त्याआधीचा आहे. निवडणुकीच्या नियमांवर किती वेळ बोलायचे, हे त्याच नियमांनी निवडून आलेले बहुमत ठरवते. बहुमत इकडचे तिकडे व्हायला किती मते लागतात, हे तीन मतांनी निवडून आलेल्या दादासाहेबांना कोणी सांगायची गरज नव्हती. आज सत्तेच्या बाकांवर बसलेल्यांनीही कधी विरोधी बाकांवरून बोलायला वेळ मागितला होता, आणि पुन्हा मागावा लागणारच नाही, असे थोडेच आहे?