डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर

ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत परज्ञातीय पुरुषाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचक करतील. आमचे उत्तर असे की, ज्या व्याधीवर या वैद्याने उपाय शोधला, ती कोणा एका ज्ञातीची नव्हती.

आत्मारामांचा जन्म १८२३ सालचा. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. तेथून १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासमवेत तेही होते.

एडिंबरो येथे डॉ. अँड्र्यू डंकन यांनी १७७३ मध्येच वैद्य व शस्त्रवैद्य यांची एस्क्युलेपियन क्लब ही भोजनमंडळी स्थापिली होती. तिकडे सहभोजन हे स्नेहवर्धनाचे साधन होते. इकडे मात्र पंक्तीस कोण बसला, यावरून मनुष्यास वाळीत टाकीत. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा निघाली. आत्मारामांचे ज्येष्ठ बंधू, व्याकरणकार दादोबा पांडुरंग, हे तिच्या धुरीणांपैकी होत. नव्या सभासदास ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पाव खावा लागे व मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे लागे. परंतु हे सर्व गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीस गेली आणि नावे फुटण्याच्या धास्तीने सभा मोडली.

बंद दाराआडची सुधारणा टिकत नाही, हा धडा त्यातून मिळाला. केशवचंद्र सेन १८६४ मध्ये मुंबईस येऊन गेल्यावर नव्या विचारास चालना मिळाली आणि ३१ मार्च १८६७ रोजी आत्मारामांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला. त्याने सभासदांवर जातित्यागाची सक्ती केली नाही. कोणी यास भीरुता म्हणेल; आम्हांस यात रोग्याची प्रकृती पाहून मात्रा देणारा वैद्य दिसतो.

१८७९ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत डॉ. सखाराम अर्जुन व ते, असे दोघेच हिंदी गृहस्थ होते. कन्यांनाही त्यांनी उच्च शिक्षण दिले. १८९८ मध्ये ते निवर्तले.

आमच्या भंडारा जिल्ह्यात वैनगंगेचे पाणी व धानाचा भात सर्वांचा एकच. तथापि तो वाढणारा हात कोणाचा, हे पाहणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. मंडळाच्या वार्षिक स्नेहभोजनाची पंगत केवळ ज्ञातिबांधवांपुरती राखावी काय, याचा विचार कार्यकारिणीने अवश्य करावा. त्या पंगतीत परज्ञातीय शेजाऱ्यांसाठीही पाने मांडली गेली, तर या चरित्रलेखनाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.