इरावतीबाईंचे दोन प्रबंध

इरावती कर्वे यांचे नाव निघाले की पुण्यात आधी आठवते ती त्यांची स्कूटर. नऊवारीतल्या बायका टांग्यातून जात होत्या त्या काळात ही उंच, धिप्पाड बाई स्कूटरवरून हिंडत असे आणि नवऱ्याला चारचौघांत एकेरी हाक मारत असे. मग आठवते ‘युगान्त’ आणि त्याला मिळालेला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार. हे सगळे खरेच आहे. पण या बाई पेशाने मानवशास्त्रज्ञ होत्या आणि हाडे, कवट्या, उंची, रक्तगट यांच्या मोजमापांत त्यांची उभी हयात गेली, हे मात्र मागे पडते. मला तर त्यांच्या चरित्रातली १९२६ ते १९३० ही चार वर्षे सर्वांत मोलाची वाटतात. विशीतल्या एका मुलीने या वर्षांत दोन प्रबंध लिहिले. पहिल्याने तिला एम. ए. केले, दुसऱ्याने डॉक्टर.

जन्म १५ डिसेंबर १९०५चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीला होते. तिथल्या नदीचे नाव मुलीला मिळाले. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात ठेवले आणि पुढे रँग्लर परांजप्यांच्या घराने तिला मुलीसारखे सांभाळले. परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य. घरात पुस्तके आणि वादविवाद यांची रेलचेल. फर्ग्युसनमधूनच तत्त्वज्ञान घेऊन १९२६ मध्ये ती पदवीधर झाली.

पुढच्या शिक्षणासाठी तिला दक्षिणा फेलोशिप मिळाली. या नावामागे गंमत आहे. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना पुण्यात दक्षिणा वाटली जाई. इंग्रजांनी तो पैसा हळूहळू शिक्षणाकडे वळवला आणि त्यातूनच या फेलोशिपा आल्या. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच दक्षिणेवर एक मुलगी मुंबई विद्यापीठात गेली, आणि अभ्यासाला विषय घेतला तो चित्पावन ब्राह्मणांचा!

आपल्याकडे पदवी म्हटली की डोळ्यांपुढे परीक्षा येते. अपेक्षित प्रश्नसंच, पाठ केलेली उत्तरे, दाराशी घिरट्या घालणारे पालक. प्रबंध लिहून मिळवायच्या पदव्युत्तर पदवीचे तसे नसते. तिथे प्रश्न विद्यार्थ्याने शोधायचा, आणि त्याचे उत्तर परीक्षकालाही आधी ठाऊक नसते. मुंबईत समाजशास्त्राचे प्रमुख होते गोविंद सदाशिव घुर्ये. मूळचे मालवणचे आणि केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेले. त्यांच्या हाताखाली इरावतीने प्रबंध लिहिला तो आपल्याच जातीवर. चित्पावनांच्या गोऱ्या रंगाबद्दल आणि घाऱ्या डोळ्यांबद्दल पुण्यात तेव्हा अभिमानही होता आणि टिंगलही. त्यांच्या मुळाबद्दल परशुरामाच्या कथेपासून समुद्रापारच्या देशांपर्यंत नाना तर्क चालत. घरातल्या गोष्टीकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहणे सोपे नसते. ते या मुलीने पहिल्याच प्रबंधात अंगावर घेतले. १९२८ मध्ये पदवी मिळाली.

याच काळात तिचे लग्न झाले. नवरा दिनकर धोंडो कर्वे रसायनशास्त्राचा आणि स्वतः जर्मनीत शिकून आलेला. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. बायकोनेही जर्मनीला जाऊन संशोधन करावे असे त्यांनी ठरवले. विरोध केला तो सासऱ्यांनी, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांनी! १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या माणसाने सुनेच्या परदेशी शिक्षणाला नाही म्हणावे, हे आज वाचताना नवल वाटते. पण मोठ्या माणसांच्या घरातही घर असतेच. पैसे उभे राहिले ते डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून. हेच मेहता १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

१९२८च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला गेल्या. मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि वंशसुधारणा या विषयांची कैसर विल्हेल्म संस्था तिथे वर्षभरापूर्वीच निघाली होती. प्रमुख ऑयगेन फिशर. या गृहस्थांचे नाव झाले होते ते जर्मनीच्या नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत मिश्र वंशाच्या माणसांवर केलेल्या अभ्यासामुळे. याच वसाहतीत १९०४ ते १९०८ या काळात जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली होती. वसाहतींतून कवट्या गोळा करून जर्मनीत आणणे हा त्या काळच्या शास्त्राचा सर्रास उद्योग होता.

बाईंना विषय मिळाला तो माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा. आपल्या कुणाच्याच चेहऱ्याचे डावे-उजवे अंग तंतोतंत सारखे नसते. आरशात नीट पाहिले तर ध्यानात येईल. कवटीचेही तसेच. फिशर यांची अटकळ अशी की युरोपातल्या गोऱ्या माणसाच्या कवटीत हा फरक वेगळा असेल, आणि त्याच्या तर्कबुद्धीच्या वरचढपणाची खूण त्यात सापडेल. थोडक्यात, उत्तर आधीच ठरले होते; आकडे तेवढे हवे होते.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपातल्या आणि युरोपाबाहेरच्याही. कॅलिपर लावायचा, डावीकडचे माप घ्यायचे, उजवीकडचे घ्यायचे, वहीत टिपायचे, पुढची कवटी उचलायची. भाषा परकी आणि घर हजारो मैल दूर. शेवटी हाती आले ते इतकेच, की फरक सगळ्याच कवट्यांत आहे आणि त्याचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. प्रबंधात त्यांनी तेच लिहिले. गुरू जर्मन, संस्था त्यांची, पदवीचा निकालही त्यांच्याच हाती. आणि शिष्या गुलाम देशातली एक तरुण बाई. आकडे थोडे इकडेतिकडे ढकलले असते तर कुणाला कळणार होते? १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या. तीनच वर्षांनी हिटलर सत्तेवर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि त्यांच्या संस्थेने नाझींच्या वंशशुद्धीच्या कायद्यांना शास्त्राचा मुलामा दिला.

म्हणून बाईंची नुसती आरती ओवाळावी असेही मला वाटत नाही. फिशर यांचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, पण त्यांचा कॅलिपर पुण्याला आणला आणि आयुष्यभर वापरला. १९३९ मध्ये त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि गावोगाव हिंडून जातवार माणसे मोजली. वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्राच्या मानवमितीचा ग्रंथ १९५१ साली निघाला. नाकाडोळ्यांच्या मापांवरून जातींची नाती जुळवणे आजच्या जनुकशास्त्राच्या काळात भाबडे वाटते, आणि जातीला शरीराच्या मापात पकडण्यातला धोका बर्लिन पाहिलेल्या बाईंना अधिक जाणवायला हवा होता, असेही मनात येते.

पण त्या मोजमापांतून बाईंनी काढले काय? एका मोठ्या जातीची शकले होत पोटजाती झाल्या, अशी समजूत रूढ होती. घुर्ये यांचेही मत त्याच बाजूचे. बाई म्हणाल्या, नाही. आपसांत लग्ने करणारे छोटे छोटे गट मुळातच निरनिराळे होते आणि एकाच धंद्यामुळे वा दर्जामुळे त्यांना एक नाव मिळाले. महाराष्ट्रातले कुंभार घ्या. थोरचाके आणि लहानचाके यांची चाके वेगळी, घडवण्याची रीत वेगळी आणि बेटीव्यवहार नाही. नाव तेवढे एक. म्हणजे बर्लिनच्या गुरूपाठोपाठ मुंबईच्या गुरूचेही म्हणणे त्यांनी मान्य केले नाही! पुण्याच्या हवेचा हा गुण म्हणावा काय?

वाद शेवटपर्यंत चालू राहिला. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या, दर्जाने सारख्या पण आपसांतच लग्ने करणाऱ्या आठ गटांची जैविक तुलना त्यांनी कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्याबरोबर केली. ती १९६८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मानवशास्त्रीय नियतकालिकात छापून आली. दोन वर्षांनी, ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या. पहिल्या प्रबंधाला तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती. त्याचा विषय असलेले चित्पावन या तुलनेतही होते, इतर सात गटांच्या रांगेत.