दुर्गाबाई आणि माझी सही

गेल्या भाऊबीजेला माहेरी गेले, तर ओवाळणीच्या ताटाशेजारी एक कागद ठेवलेला. हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाला राजीखुशीनं सोडते, असा मजकूर. आमच्याकडे सगळ्याच बहिणी सही करतात, साडी घेतात आणि हसतमुखानं घरी जातात. मीही केली असती. पण बचत गटाच्या कार्यक्रमात बोलायचं म्हणून नुकतंच दुर्गाबाई देशमुखांबद्दल वाचलं होतं. हात थबकला.

आपण त्यांना चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी म्हणून ओळखतो. पण १९५३ मध्ये हे लग्न झालं, तेव्हा बाईंचं निम्म्याहून जास्त आयुष्य होऊन गेलं होतं! जन्म १९०९ चा, आंध्रातल्या राजमहेंद्रीचा. आठव्या वर्षी लग्न लावून दिलं. जाणत्या झाल्यावर मात्र त्यांनी नांदायला जायला नकार दिला. त्या काळात, मैत्रिणींनो! १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात चौदा वर्षांच्या या स्वयंसेविकेनं तिकीट नाही म्हणून चक्क नेहरूंना प्रदर्शनाच्या दारात अडवलं होतं.

मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला. तिथे त्यांना अडाणी बायका भेटल्या. कायदा माहीत नाही, बाजू मांडायला कुणी नाही, म्हणून शिक्षा भोगणाऱ्या. बाहेर आल्यावर अर्धवट राहिलेलं शिक्षण मॅट्रिकपासून सुरू केलं आणि १९४२ मध्ये वकिलीची पदवी घेऊनच थांबल्या.

१९४६ मध्ये त्या घटना समितीवर निवडून गेल्या. इतक्या मोठ्या सभेत बायका अवघ्या पंधरा. राज्यसभेसाठी किमान वय ३५ असावं असं मसुद्यात होतं, ते ३० करा ही दुरुस्ती दुर्गाबाईंची. शहाणपण वयावर ठरत नाही, हा त्यांचा मुद्दा. आजही राज्यसभेसाठी तीसच वर्षं लागतात.

पण मला अडलं ते पुढे. स्त्री म्हणून भेदभाव करता येणार नाही, असं घटनेनं १९५० मध्ये सांगून टाकलं. वारसाचा कायदा मात्र जुनाच राहिला. हिंदू कोड बिलात मुलींना वाटा मिळावा म्हणून दुर्गाबाई बोलल्या, पण बिल रखडलं. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागे हेही मोठं कारण होतं. १९५२ च्या निवडणुकीत दुर्गाबाई हरल्या. वारसा कायदा १९५६ मध्ये झाला, तेव्हा त्या लोकसभेत नव्हत्या. त्या कायद्यातही वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्मतःच वाटेकरी आणि मुलगी नाही, हा फरक राहिलाच. आपल्या महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि देशानं २००५ मध्ये तो काढला. दुर्गाबाई १९८१ मध्येच गेल्या होत्या.

घटना आता जुनी झाली, असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं. शंभरावर दुरुस्त्या झाल्यात तिच्यात. १९९२ च्या दुरुस्तीमुळे आमच्या गावात बाई सरपंच झाली. लोकसभेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा बायकांना देणारी दुरुस्ती २०२३ मध्ये मंजूर झाली, तीही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच लागू होणार या अटीवर. म्हणजे घटनेनं वाट करून ठेवली, चालायला आपण पन्नास-सत्तर वर्षं घेतो. आणि शेवटचं पाऊल तर कोर्टात नाही, भाऊबीजेच्या पाटासमोर टाकायचं असतं. तिथे कुठलं कलम मदतीला येतं? भावाचा चेहरा पडला की आपलाच जीव कासावीस होतो. दुर्गाबाईंनासुद्धा नांदायला नाही म्हणताना वडिलांचा आणि भावाचा आधार होता. मला तो कुठून मिळणार होता?

सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही. नंतर बघू म्हणून कागद पर्समध्ये टाकला, तो आता माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली आहे. भावाचा फोन येतो. भाचीच्या बारावीबद्दल बोलतो, पावसाबद्दल बोलतो, त्या कागदाबद्दल बोलत नाही. परवा फोन वहिनीनं घेतला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाली, की तिच्या माहेरी तिनं लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सही करून दिली होती. कागदावर काय लिहिलंय, ते तेव्हा कुणी वाचूनही दाखवलं नव्हतं.